द.सा.द.शे.

गवंड्याच्याच घराला तडा गेला, ही बातमी वस्तीभर व्हायला दुपारही व्हावी लागली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ज्याने निम्म्या वस्तीच्या भिंती ओळंब्यात उभ्या केल्या, त्याच्याच मागच्या भिंतीत पायापासून छपरापर्यंत अशी फट पडली होती, की तिच्यात चार बोटं आडवी जात. त्यातून मागच्या बाजूलाच वस्तीची पाण्याची टाकी. सकाळ-संध्याकाळ तिथे हंडे-बादल्यांची रांग लागे, आणि रांगेत उभ्या माणसाला त्या फटीकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नसे.

ती चार बोटं गवंड्याच्या बायकोने स्वतः घालून बघितली होती. मोजल्याशिवाय बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिची वीत बरोबर नऊ इंचांची, सुताएवढी इकडे नाही की तिकडे नाही. नवऱ्याच्या हाताखाली वीस वर्षं तिने सिमेंट-वाळूचा माल कालवला, पण एकास सहाचा माल कधी एकास सात झाला नाही. वस्ती तिला मापाडीण म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

दोष गवंड्याचा नव्हता. दोन वर्षं पाऊस कसाबसा पडला आणि यंदा तर तोंडाला पानं पुसून गेला. घराखालची काळी माती आक्रसली आणि मागचा कोपरा खचला. पाणी फक्त पिण्यासाठी, असा हुकूम निघाल्यामुळे सगळीकडची बांधकामं बंद पडली होती. गवंडी ओट्यावर बसून थापीची कड अंगठ्याने घासत राही. थापी आधीच स्वच्छ होती.

भिंत त्याच्या बापाने घातलेली. म्हातारा आता खाटेला लागला होता आणि खाट नेमकी त्याच भिंतीच्या कडेला. फटीतून सकाळचं ऊन त्याच्या पायांवर पडे.

"आबा, खाट पुढच्या खोलीत घेऊ?" मापाडणीने विचारलं.

"नको. माझ्या भिंतीने मला मारलं तर तो तिचा हक्क आहे."

"भलतंसलतं बोलू नका."

"मग बांधा नीट. पाया कडक थरापर्यंत न्या. मी नेला नव्हता. घाई होती तेव्हा, बायको बाळंत व्हायची होती." म्हाताऱ्याने मान वळवून मुलाकडे पाहिलं. "ह्याच्याच वेळी."

गवंड्याने आकडा काढला. खोल पाया, दगड, लोखंड, सिमेंट, विकतचं पाणी, दोन खोल्यांचं छप्पर उतरवून परत चढवणं. दुसऱ्याच्या घराचा खर्च सांगताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. स्वतःच्या घराचा सांगताना त्याने आधी दोनदा खाकरून घेतलं. "दीड लाख," तो म्हणाला. "तेही मजुरी आपलीच धरून."

घर सोडलं तर त्यांच्याकडे गहाण ठेवण्यासारखं काही नव्हतं. मग सल्ल्यांना काय तोटा! न्हावी म्हणाला, बँक घराचे कागद घेते आणि वीस वर्षं त्यांचं तोंड दाखवत नाही. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, बँक बरी, पण ओळख लागते. त्याच्या मेव्हण्याला विनाओळखीचं मिळालं होतं, पण तो मेव्हणा कुठे असतो ते त्याला सांगता येईना. एकाने तर शपथेवर सांगितलं, की बँकेचा हप्ता चुकला की दारावर माणसाचा फोटो लावतात. ज्याने त्याने कुणाकडून तरी ऐकलेलं, आणि तो कुणीतरी कधीच समोर येत नव्हता.

"ऐकीव गोष्टींवर घर बांधतात का?" मापाडीण शेवटी वैतागून म्हणाली. "मी जाते. बघते, विचारते, आकडा घेऊन येते."

"जा बाई," गवंडी म्हणाला. "मला कोण आत घेणार! मला तर पाटीसुद्धा वाचता येत नाही."

ती सहावी पास होती.

बसने दीड तास लागला. बँकेची फरशी पांढरी, चकचकीत. तिच्या चपलांना सिमेंट लागलेलं, ते कितीही धुतलं तरी जात नाही. दारापासून खिडकीपर्यंत राखाडी पावलं उमटली. फरशी पुसणारी बाई काही न बोलता तिच्या मागोमाग पुसत आली. मापाडीण थांबली की ती थांबे, मापाडीण चालली की ती वाके. शेवटी मापाडणीने चपला काढून हातात घेतल्या.

"घरावर कर्ज पाहिजे होतं," ती खिडकीशी म्हणाली.

"साहेब रजेवर आहेत." आतल्या माणसाने मान वर केली नाही. "बोर्डावर सगळं लिहिलंय. वाचता येतं ना?"

"येतं," ती म्हणाली.

बोर्डावर ओळी होत्या. तिने बोट न लावता, नुसत्या डोळ्यांनी एकेक ओळ उचलली. घर तारण कर्ज, ११ टक्के द.सा.द.शे. सोने तारण कर्ज, १० टक्के द.सा.द.शे. वाहन कर्ज, तिथेही तेच. अकरा तिला कळलं. पुढचं कळेना. तिने जुळवून वाचलं: दसादशे.

दाराशी स्टुलावर बंदूक घेऊन पहारेकरी बसला होता. ती चपला हातात घेऊनच त्याच्याकडे गेली.

"दादा, हे दसादशे म्हणजे काय हो?"

पहारेकरी त्या बोर्डाखाली नऊ वर्षं बसत होता आणि हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने बोर्डाकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे. माहीत नाही असं म्हणणं माणसाला जड जातं, आणि हातात बंदूक असली तर जास्तच.

"ते बँकेचं असतं," तो म्हणाला.

"म्हणजे वेगळं द्यावं लागतं?"

"लागणारच की. बँक काय फुकट बसलीय इथे?"

तिने आणखी विचारलं असतं. पण खिडकीतला माणूस आता तिच्याकडे बघत होता, आणि फरशी पुसणारी बाई बादली घेऊन मागेच उभी होती. ती बाहेर पडली.

परतीच्या बसमध्ये तिने बोटांच्या पेरांवर हिशोब केला. दीड लाखाचे अकरा टक्के, साडेसोळा हजार. दर महिन्याला! इकडे टक्का म्हटला की तो महिन्याचा. 'महिन्याला' असं कुणी वेगळं सांगत बसत नाही, पाणी ओलं असतं हे जसं कुणी सांगत नाही तसं. चौकातला सिमेंटवाला घराच्या कागदांवर पैसे देतो, तो तीन टक्के घेतो, म्हणजे साडेचार हजार. कुठे साडेचार आणि कुठे साडेसोळा! तिने तीनदा मोजलं. तीनही वेळा तेच आलं.

"अकरा?" गवंडी ओट्यावरून उठूनच उभा राहिला. "दिवसाढवळ्या दरोडाच की!"

"आणि वर दसादशे वेगळं."

"ते काय असतं?"

"बँकेचं असतं," मापाडीण म्हणाली.

तो सिमेंटवाला नीट बोलणारा माणूस होता. आवाज चढवत नसे, शिवी देत नसे, खोटंही बोलत नसे. त्याला कधी गरज पडली नाही. दुकानात सिमेंटच्या थप्पीवर त्याने दोघांना बसवलं, पाणी दिलं.

"बँकेत जाऊन आलात म्हणे?"

"आले. अकरा सांगतात," मापाडीण ठसक्यात म्हणाली. "तुम्ही तीन. आम्ही मोजून आलोय, शेठ."

सिमेंटवाला क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. हातातली पेन्सिल त्याने कानावर ठेवली.

"अकरा," तो म्हणाला.

"हो."

"मग तुम्ही ठरवा. मी कुणाला ओढून आणत नाही."

गहाणखत झालं. तीन महिन्यांचं व्याज लागोपाठ थकलं तर घराचा ताबा शेठचा, हे त्याने स्वतः दोनदा वाचून दाखवलं. घर म्हाताऱ्याच्या नावावर, म्हणून कागद खाटेपाशी आणला. म्हाताऱ्याने अंगठा शाईत बुडवला आणि सुनेकडे बघितलं.

"तू मोजलंयस ना, पोरी?"

"मोजलंय, आबा."

त्याने अंगठा लावला.

भिंत झाली, आणि अशी झाली की बघत राहावं. गवंड्याने पाया पुरुषभर खोल नेला, पहारीखाली कडक थर वाजला तेव्हा म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून काठावर आणलं आणि तो आवाज ऐकवला. मापाडणीने विकतचं पाणी वाटीने मोजून माल कालवला. टाकीच्या रांगेला आता बघायला फट नव्हती. गुळगुळीत, गुण्याला काटकोनात बसलेली भिंत होती.

मग रांगेला बोलायला एक शब्द मिळाला. मापाडीण प्रत्यक्ष बँकेत जाऊन चौकशी करून आली, बँक अकरा घेते आणि वर दसादशे, हे बोळाबोळांतून फिरलं. न्हाव्याने दाढीचे पैसे वाढवले तर लोक म्हणत, "दसादशे लावलं वाटतं!" समोरच्या घरातल्या शिंपिणीला तर हा शब्द फार आवडला. ती एकटी बाई, घर तिचं स्वतःचं, आणि मशिनीवर बसली की तोंड आणि पाय बरोबरच चालायचे. "शिलाई एवढी," ती गिऱ्हाईकाला सांगे, "आणि बटणांचं दसादशे वेगळं!" मापाडीणही हसायची. आपल्या तोंडचा शब्द चालतोय, हे कुणाला नको असतं?

कुणी कर्जाचं विचारलं की लोक म्हणत, मापाडणीला विचारा. सिमेंटवालाही तेच म्हणे.

पहिल्या तीन महिन्यांचं व्याज त्यांनी दिलं. दोन बकऱ्या गेल्या, मापाडणीच्या कानातलं गेलं. चौथं चुकलं. पाचवं चुकलं. कामं बंदच होती. सहावं पाच तारखेला द्यायचं होतं, आणि ते चुकलं की संपलं.

तेवढ्यात शाळेचं काम निघालं. सुट्टीत दोन वर्ग दुरुस्त करायचे, पाणी टँकरने येणार. ठेकेदार म्हणाला, पैसे काम संपल्यावर. दोघं नाही कसं म्हणणार? उन्हं डोक्यावर घेऊन ती दोघं कामाला लागली. जुना गिलावा खरवडायचा, नवा चढवायचा. फळा भिंतीतच काळा रंगवलेला होता, तोही पोपडे धरून सुटला होता.

"फळा पण काढ," गवंड्याने परांचीवरून सांगितलं. "खाली पोकळ वाजतोय."

तिने छिन्नी लावली आणि हात थांबला. सुट्टीआधीचा शेवटचा धडा कुणी पुसला नव्हता. वर कोपऱ्यात इयत्ता सातवी लिहिलं होतं. खाली, मास्तरांच्या गोल अक्षरात:

सरळव्याज.
द.सा.द.शे. = दर साल दर शेकडा.
मुद्दल १०००, दर १०, मुदत १ वर्ष. व्याज १००.

तिने एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा, ओठ हलवून. मग डाव्या हाताने प्रत्येक टिंबाला बोट लावलं. ती टिंबं बँकेच्या बोर्डावरही होती. तिला ती आठवली, रंगाचे शिंतोडे उडावेत तशी वाटली होती तेव्हा.

दर साल.

साडेसोळा हजार महिन्याचे नव्हते, वर्षाचे होते. आणि शेठचे साडेचार हजार बारा वेळा घ्यायचे. बोटांची पेरं तिने वापरलीच नाहीत, आकडा आपोआप समोर आला. चोपन्न हजार. मुद्दल तसंच्या तसं उभं. दुकानातला तो क्षण तिला आठवला, कानावर ठेवलेली ती पेन्सिल. त्याला तेव्हाच कळलं होतं. ती वाळूच्या ढिगावर खाली बसली. सहावी झाली तेव्हा आईने डोक्यावर घमेलं दिलं होतं. एका इयत्तेने हुकलं.

"माल आण गं!" वरून हाक आली. "सुकतोय इथे!"

गवंडी दहा फुटांवर फळीवर उभा होता. परांचीवरच्या माणसाला असलं काही सांगू नये, एवढी अक्कल तिला राहिली होती. तिने माल भरला आणि घमेलं वर दिलं. संध्याकाळपर्यंत देत राहिली. फळा तेवढा तिने खरवडला नाही, उद्या करते म्हणाली.

कामावरून ती तडक शिंपिणीकडे गेली. शिंपिणीला पुढची खोली वाढवून दुसरी मशीन घ्यायची होती, घराचा कागद ती सिमेंटवाल्याकडे ठेवणार होती. शुक्रवारी सही, असं ती रांगेत म्हणाली होती. आज बुधवार.

"ये ये!" शिंपीण मशीन न थांबवता म्हणाली. "तुझंच नाव काढलं आज. शेठचा माणूस दुपारीच आला, म्हणाला शुक्रवारी त्यांना गावाला जायचंय. करून टाकली सही! बँकेची पायरीसुद्धा चढावी लागली नाही बघ. तुझ्यामुळे दसादशे वाचलं माझं."

मापाडीण दारातच उभी राहिली. खोटं बोलायला हीच वेळ होती. आता सांगून तरी काय उपयोग, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"दसादशे म्हणजे दर साल दर शेकडा," ती म्हणाली. "अकरा वर्षाला होते. मी महिन्याला सांगितले."

मशीनचं चाक आणखी दोन वेढे फिरलं. मग शिंपिणीने त्यावर हात ठेवला.

"परत बोल."

ती परत बोलली. शिंपिणीचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"सातवी पास आहे मी," ती हळूच म्हणाली. "असली गणितं सोडवलीत मी. दहापैकी दहा मिळायचे. तू द, सा, द, शे असं म्हणाली असतीस तर मी झोपेत ओळखलं असतं. तू टिंबं गिळलीस. दसादशे, दसादशे! आणि मी मेली त्यावर हसत बसले."

"कागद परत माग. म्हणावं नको मला."

"पैसे घेतलेत. निम्मे मशीनवाल्याला गेलेत." तिने कापड सुईखालून ओढलं, दोरा तुटला. "जा बाई तू आता. मला शिव्या द्यायच्यात आणि त्या तुझ्यासमोर देता येत नाहीत."

घरी ताटं वाढली, पण तिने जेवणं होऊ दिली नाहीत. आधी सांगितलं. गवंड्याला समजायला वेळ लागला. त्याने आधी तीन आणि अकरा, मग बारा आणि तीन, असं बोटांनी जमिनीवर मांडून बघितलं.

"छत्तीस?" तो म्हणाला.

"छत्तीस."

"मग आता जाऊ बँकेत. सांगू चूक झाली."

"कागद शेठकडे आहेत. बँक काय आपलं तोंड बघून देणार?"

तो ताटावरून उठला. हात उगारला नाही, आवाजही केला नाही. तिला वाटलं, केला असता तर बरं झालं असतं. तो मागच्या खोलीत गेला, खुंटीवरचा ओळंबा घेतला आणि नव्या भिंतीला लावून कितीतरी वेळ बघत बसला.

"सरळ आहे," तो शेवटी म्हणाला. आणि त्याला रडू फुटलं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकलं होतं. सुनेने त्याच्या खाटेपाशी बसून पाय धरले.

"आबा, तुमचा अंगठा मी…"

"अंगठा माझाच होता," म्हातारा म्हणाला. मग त्याने विचारलं, "आणखी किती जणांना सांगितलंस?"

तिने मोजलं. शिंपीण, कुंभारआळीतली दोन घरं, टँकरवाल्याचा भाऊ. आणि पुढे त्यांनी ज्यांना सांगितलं ते. आयुष्यात पहिल्यांदा तिला मोजता आलं नाही.

"घर पडायला लागलं की गवंड्याने आधी खालच्या माणसांना ओरडून सांगायचं असतं," म्हातारा म्हणाला. "मग स्वतः उतरायचं."

सकाळी रांग लागायच्या आधी ती मागे गेली. रंगाच्या डब्यात तळाला काव उरली होती. गवंडी दारात येऊन उभा राहिला.

"भिंत शेठची होईल चार दिवसांनी."

"अजून झाली नाही," ती म्हणाली.

त्याने डबा धरला. तिने वीत लावून ओळी आखल्या आणि ब्रशने वीतभर अक्षरं काढली. 'द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. बँक ११, वर्षाला. शेठ ३ महिन्याला, म्हणजे ३६ वर्षाला. मी चुकीचं सांगितलं.' टिंबं तिने मुद्दाम मोठी काढली.

रांग आली. हंडे खाली टेकले. बायका भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या, पण रांगेतल्या निम्म्याहून जास्त जणींना वाचता येत नव्हतं. शिंपीणही आली होती. तिने वाचलं, आणि मान फिरवली.

तेवढ्यात सिमेंटवाल्याची स्कूटर टाकीपाशी थांबली. त्याने खाली न उतरता, सावकाश, शेवटपर्यंत सगळं वाचलं.

"अक्षर चांगलं आहे तुझं," तो म्हणाला. "आणि सगळं खरं आहे. मी कधी कुणाला खोटं सांगितलं?"

त्याने स्कूटरला किक मारली.

"पाच तारीख सोमवारी येते," त्याने गवंड्याला आठवण करून दिली. "ताबा देताना भिंत तेवढी पुसून द्या." आणि तो गेला.

स्कूटरचा आवाज चौकाकडे गेला. रांगेच्या शेवटाला कुंभारआळीतली एक म्हातारी बादली घेऊन उभी होती. तिच्या मुलाने परवाच कर्जासाठी शेठकडे शब्द टाकला होता.

"काय गं लिहिलंय एवढं?" ती ओरडली. "वाच की मोठ्याने. आम्हाला काय दिसतंय?"

मापाडीण भिंतीपाशी गेली. हाताला काव होती, ती तिने पुसली नाही. सगळी वस्ती ऐकत होती, आणि तिने वाचलं. शेवटची ओळसुद्धा वाचली.

"ऐकू नाही आलं," म्हातारी म्हणाली. "परत."

तिने पहिल्यापासून परत वाचलं.